चार मिलिमीटरांचा गंधार

माझी भाची सहा वर्षे गाणे शिकत होती. कल्याणहून डोंबिवलीला, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळच्या लोकलने. बारावीच्या वर्षी तिचा आवाज बसला. आधी वाटले, सर्दी असेल. मग डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा पाहिला आणि स्वरतंतूंवर लहान गाठी आल्याचे सांगितले. घाबरण्यासारखे काही नव्हते. पण सहा महिने गायचे नाही, मोठ्याने बोलायचेसुद्धा नाही, असा सक्त हुकूम झाला. गाणाऱ्या मुलीने गप्प बसायचे म्हणजे काय, हे त्या सहा महिन्यांत आमच्या घराने पाहिले. ती काही मागायची झाली तरी चिठ्ठी लिहायची.

तिच्या भावाची एक गिटार कपाटावर धूळ खात पडली होती. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची हौस, दुसऱ्या वर्षी संपलेली. एके दिवशी तिने ती खाली काढली, पुसली, आणि माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली : 'मामू, ह्याच्यावर भूप वाजेल का?'

मी कविता लिहिणारा माणूस. गाण्यातला माझा अधिकार फक्त ऐकण्याचा. कल्याणच्या गायन समाजाच्या सतरंजीवर आणि ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या मागच्या रांगांत बसून कान जेवढा तयार झाला तेवढाच. मला उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून दोघांना विचारले. गिटार शिकवणारे एक तरुण सर म्हणाले, "राग वगैरे याच्यावर जमत नाही. कॉर्ड शिकू दे तिला." गाण्यातले एक जाणकार गृहस्थ म्हणाले, "गिटारवर भूप? अहो, ते वाद्यच बेसुरे असते." दोघांचे आपसात काही पटण्याजोगे नव्हते, पण निकाल एकच. मला मात्र त्यातला 'बेसुरे' हा शब्द खटकला. दुकानातून नवे कोरे घेतलेले, मशीन लावून सुरात मिळवलेले वाद्य बेसुरे कसे असेल? पुढे वाचत, विचारत, ऐकत गेलो, आणि कळले की ते गृहस्थ चुकीचे बोलत नव्हते. त्यांनी फक्त अर्धे सांगितले होते.

हे अर्धे आधी समजून घेऊ. गिटारच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात. आपण सतारीचा शब्द वापरून पडदे म्हणू. एका सप्तकात असे १२ पडदे. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी अनेक स्वर वाजतात आणि गाण्याचा षड्जही मध्येच बदलतो. कुठलाही स्वर षड्ज धरला तरी काम भागावे, म्हणून त्यांनी सप्तकाचे १२ अगदी समान भाग केले. ही सोय मोठी आहे, पण तिची किंमत आहे : प्रत्येक स्वराला आपल्या नैसर्गिक जागेवरून थोडेफार सरकावे लागले.

किती सरकावे लागले? हिशेबासाठी षड्ज २४० कंपनांचा धरू. तंबोरा चांगला लागला असेल तर खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडता, एक गंधार आपोआप ऐकू येतो. त्या गंधाराच्या हिशेबाने मध्य सप्तकातला गंधार येतो ३०० कंपनांवर. गिटारच्या पडद्यावरचा गंधार मात्र सुमारे ३०२.४ वर बोलतो. धैवताचे तसेच : नैसर्गिक धैवत ४००, गिटारचा जवळजवळ ४०३.६. उलट पंचम ३६० ऐवजी ३५९.६, म्हणजे फरक नसल्यासारखाच. आणि रिषभही थोडक्यात सुटतो. आता भूपाचे स्वर आठवा : सा, रे, ग, प, ध. वादी गंधार, संवादी धैवत. सगळा भूप ज्या दोन स्वरांवर विसावतो, नेमके तेच दोन स्वर गिटारवर सर्वांत जास्त चढे आहेत. जाणकार गृहस्थांच्या कानाला हेच टोचत होते.

हा फरक डोळ्यांनीही पाहता येतो. गिटारच्या तारेची बोलणारी लांबी साधारण ६५० मिलिमीटर असते. मोकळी तार षड्ज मानली, तर नैसर्गिक गंधार पुलापासून, म्हणजे घोडीपासून, ५२० मिलिमीटरवर बसतो. कारखान्याने पडदा ठोकलेला असतो सुमारे ५१६ वर. म्हणजे भूपाचा गंधार पडद्याच्या चार मिलिमीटर मागे, दोन पडद्यांमधल्या लाकडावर कुठेतरी आहे. तिथे बोट ठेवले तरी तार पुढच्या पडद्यावरच टेकते आणि तोच चढा स्वर येतो. घरात गिटार असेल तर हा प्रयोग करून पाहा. मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप पांढरी दोनमध्ये लावा, गिटारची चौथी तार त्याला मिळवा, आणि तिच्यावर चौथा पडदा दाबून गंधार बराच वेळ ऐका. थोड्या वेळाने तंबोऱ्याशी त्याची किंचित थरथर जाणवू लागेल.

कोणी म्हणेल, सतारीलाही पडदे असतातच की! असतात; पण ते धाग्याने बांधलेले असतात. राग बदलला की वादक पडदा वर-खाली सरकवतो. शिवाय सतारीचे पडदे उंच आणि कमानदार असतात, तार बाजूला ओढायला जागा असते, आणि एका पडद्यावरून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. गिटारवरही तार ओढता येते, पण थोडीच. आणि तार ओढली की स्वर चढतो, उतरत कधीच नाही. गिटारचा गंधार मुळातच चढा. तो ओढून आणखी चढणार. खालच्या पडद्यावरून ओढत आणावा तर दर वेळी नेमके तेवढेच ओढणे कठीण. दरबारीतला खाली झुकलेला, झुलणारा कोमल गंधार किंवा भैरवातला आंदोलित कोमल रिषभ तर दूरच राहिला. आपल्या संगीतात स्वर म्हणजे फक्त मुक्कामाचे ठिकाण नसते; तिथवर येण्याची वाटही स्वरातच धरलेली असते. पडदे असलेली गिटार मुक्काम दाखवते, वाट दाखवत नाही.

ही अडचण सोडवण्याचा मार्ग आपल्याकडे आला तो हवाई बेटांवरून. पॅसिफिक महासागरातल्या त्या बेटांवर १९ व्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी मुलाने गिटार मांडीवर उताणी ठेवली आणि बोटांनी तारा दाबण्याऐवजी त्यांवरून लोखंडाचा तुकडा फिरवला. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला बोल्ट तारांना लागला आणि त्यातून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण कल्याणसारख्या रेल्वेच्या गावात राहणाऱ्या मला ती आवडते. या पद्धतीत मानेच्या टोकाची पट्टी उंच करतात. तारा पडद्यांपासून इतक्या वर जातात की त्यांना टेकतच नाहीत. पडदे जागेवर राहतात, पण बेकार होतात, खुणेपुरते उरतात. स्वर आता पोलादी कांडी जिथे थांबेल तिथे. चार मिलिमीटर मागे हवा असेल, तर चार मिलिमीटर मागे.

हवाई गिटार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात लोकप्रिय झाली. हवाईचे ताऊ मो आणि त्यांचे कुटुंब १९४० च्या दशकात काही वर्षे कोलकात्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. पुढे हा आवाज हिंदी चित्रपटांत शिरला. लखनौहून मुंबईला आलेले व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघर गेल्या. माझ्या पिढीने गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यांवरून आणि रेडिओवरून हा सरकता, लाडिक आवाज भरपूर ऐकला. बिनशब्दांचे गाणे लागले की ते बहुधा गिटारवर असे.

पण तारेवरून काहीतरी घसरवत वाजवणे हे आपल्याला हवाईने शिकवले असे मात्र नाही. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. एकच तार, पडदा एकही नाही, आणि डाव्या हातात तारेवर फिरवायची बांबूची कम्रिका. अगदी अलीकडच्या काळात पतियाळ्याचे अब्दुल अझीझ खाँ विचित्रवीणा वाजवत, तीही बिनपडद्यांची आणि गुळगुळीत बट्ट्याने वाजवायची. दक्षिणेत गोट्टुवाद्यम, म्हणजे आजची चित्रवीणा, तशीच. म्हणजे हवाईची गिटार इथे आली तेव्हा तिची जुनी बहीण घरात आधीच होती, फक्त थोडी अडगळीत.

ही दोन टोके जोडली जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी. त्यांचे थोरले बंधू दामोदरलाल सरोदवादक. दोघांचे गुरू उस्ताद अली अकबर खाँ. ब्रिजभूषणजींनी हवाई गिटार हातात धरली आणि तिच्यावर सिनेगीते नव्हे, तर आलाप-जोड वाजवण्याचे ठरवले. १९६७-६८ च्या सुमारास मुंबईत एचएमव्हीने एक तबकडी काढली, 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांतून सांगितलेला. बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, संतूरवर शिवकुमार शर्मा, गिटारवर काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. तबकडीचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे आपल्या मराठी भावगीताच्या पहिल्या गायकांपैकी एक. अहिरभैरवापासून भूप, देस आणि पहाडीपर्यंत ती तबकडी जाते. या तिघांपैकी बासरी लोकवाद्य मानली जाई, संतूर काश्मीरबाहेर फारसे कोणाला माहीत नव्हते, आणि गिटार तर परदेशी. तिघांनाही शास्त्रीय मैफलीत 'हे वाद्य कशाला?' हा प्रश्न झेलावा लागलेला. त्या तबकडीला मिळालेल्या प्रेमाने निदान श्रोत्यांपुरता तो प्रश्न मिटवला. काबरा २०१८ साली गेले.

मग गिटारमध्ये बदल तरी काय काय झाले? पहिला बदल दिसत नाही, पण सर्वांत मोठा आहे. गिटारच्या सहा तारा अशा मिळवलेल्या असतात की पाच-सहा स्वर एकदम दाबून कॉर्ड वाजावी. ती तिची शान. आपल्या संगीतासाठी ही शान सोडून द्यावी लागली. तारा रागाच्या षड्ज-पंचमाला, किंवा पंचम नसलेल्या रागात षड्ज-मध्यमाला मिळवल्या. दोन-तीन तारा गाणार, बाकीच्या आधार देणार.

दुसरा बदल चिकारीचा. सतार आणि सरोदला बाजूला तार षड्जाच्या बारीक तारा असतात. आलापात स्वर विझत आला की त्यांवर हलकेच आघात करून वादक षड्ज जागता ठेवतो, आणि झाल्यात तर त्यांवरच लय उभी राहते. काबरांनी अशी तार गिटारला जोडली. तिसरा बदल तरफांचा. मुख्य तारांखाली बारीक तारा रागाच्या स्वरांत मिळवून ठेवायच्या. त्यांना कोणी हात लावत नाही; वर गंधार अचूक लागला की खालची गंधाराची तार आपणहून बोलते, चुकला तर गप्प बसते. म्हणजे वाद्यातच एक परीक्षक बसवलेला. जयपूरचे विश्वमोहन भट यांच्या मोहनवीणेला अशा १२ तरफा आहेत आणि सगळ्या मिळून तारा एकोणीस-वीस. एवढ्या तारांचा ताण साध्या गिटारला सोसत नाही. मान वाकते, पोट फुगते. म्हणून फुगीर पोटाची, मजबूत बांध्याची गिटार घ्यावी लागली आणि मानेच्या बाजूला खुंट्यांसाठी वेगळी लाकडी पट्टी बसवावी लागली. अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्याबरोबर विश्वमोहनजींनी केलेल्या 'ए मीटिंग बाय द रिव्हर' या तबकडीला १९९४ साली ग्रॅमी मिळाले आणि जगाला हे वाद्य कळले. काबरांचे शिष्य, कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य यांनी आपल्या वाद्याला 'चतुरंगी' नाव दिले, बनारसच्या डॉ. कमला शंकर 'शंकर गिटार' वाजवतात. मुंबईचे मनीष पिंगळे यांच्या रूपाने या वाद्याच्या मैफलींत मराठी नावही आहे.

दुसरा एक मार्ग पडदे ठेवूनच काढला गेला. १९७० च्या दशकात उस्ताद झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' हा वाद्यमेळ उभारणारे इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी पडद्यांमधले लाकूड कोरून खोलगट केलेली खास गिटार बनवून घेतली. बोटाखाली लाकूडच नसल्याने तार दाबता-ओढता येते आणि सतारीसारखी थोडी मींड निघते. नेहमीच्या सहा तारांखेरीज सात जादा तारा तिरप्या बसवल्या होत्या. तान तिथे झरझर येते. पण लांब, सलग, गळ्यासारखी मींड हवी असेल तर मांडीवरची गिटारच बरी.

आणि मांडीवरच्या गिटारची अडचण नेमकी उलटी आहे. बोटे चार असतात, कांडी एकच. प्रत्येक स्वरासाठी सबंध कांडी उचलून किंवा सरकवून न्यावी लागते. सरकवली की मधले सगळे स्वर ओढल्यासारखे ऐकू येतात. सरळ, सुटे स्वर आणि दाणेदार तान काढायची तर मागची तार त्याच हाताच्या बोटांनी दाबून गप्प करावी लागते आणि उजव्या हाताच्या नख्यांनी दुप्पट काम करावे लागते. शिवाय चुकीला आडोसा नाही. तारेच्या मध्यावर, तार षड्जाशी, कांडी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर स्वर श्रुतीच्या बारीक अंशाने हलतो. त्याच्याही वरच्या सप्तकात ती चूक दुप्पट ऐकू येते. पडद्याची गिटार वादकाला सर्वत्र सारखी, थोडीशी चूक देते. कांडीची गिटार अचूकपणाची मुभा देते, पण जबाबदारीही वादकावरच टाकते.

या ठिकाणी मला आपल्या परिसरातल्या एका मोठ्या माणसाची आठवण होते. पं. गजाननबुवा जोशी उत्तरायुष्यात डोंबिवलीला राहत. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तीन घराण्यांची गायकी त्यांच्याकडे होती, आणि व्हायोलिनवरही ती उतरली होती. ते वाद्य त्यांनी बहुतांशी स्वतःच्या मेहनतीने आत्मसात केले. व्हायोलिनला मुळात पडदेच नाहीत. त्याच्यात लाकडाचा तुकडाही बदलावा लागला नाही. तारा षड्ज-पंचमाला मिळवल्या, वादक खुर्चीवरून जमिनीवर बसला, आणि गळ्यात होते ते हातात आले. आज व्हायोलिन परदेशी म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

याउलट पेटी, म्हणजे हार्मोनियम. तिच्यात गिटारचाच दोष, तोही कायमचा : समान १२ भाग, आणि मींड नाहीच. म्हणून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती थोडीफार उठली १९७१ साली. मी आज ज्या माध्यमातून आपल्याशी बोलतो आहे, त्यातच जवळजवळ तीन दशके पेटीचा स्वर वर्ज्य होता! आणि त्या तीन दशकांत बाहेर काय चालले होते? गावोगावची भजने, नाटकांचे ऑर्गन, गाण्याचे क्लास, सगळे पेटीवरच चालू होते. माझ्या भाचीचे सहा वर्षांचे शिक्षणसुद्धा पेटीच्याच साथीने झाले. पेटीतला गंधार तितकाच चढा आहे, पण तिला 'बेसुरी' म्हणून त्या जाणकार गृहस्थांनी बाहेर काढले नव्हते. पेटी आपल्या सवयीची झाली होती, गिटार नव्हती, एवढाच फरक. तरी पेटीही तशीच सोडून दिली नाही कोणी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी श्रुतींची पेटी बनवण्याचे प्रयत्न केले. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली.

माझ्या स्वतःच्या कामातले उदाहरण सांगतो. फारसी-उर्दूतली गझल मराठीत आणताना माधव जूलियन यांना आणि पुढे सुरेश भटांना असाच प्रश्न पडला असणार. उर्दूत वृत्तासाठी शब्दाच्या अखेरचा दीर्घ स्वर ऱ्हस्व म्हणून वाचायची मुभा असते. मराठी कानाला ते चालत नाही. आपण लिहितो तसे उच्चारतो, दीर्घ म्हणजे दीर्घच. तेव्हा वृत्त ठेवले, काफिया-रदीफ ठेवले, आणि ही एक मुभा सोडून दिली. गझल लिहिताना त्या सोडलेल्या मुभेपायी मी कित्येक चांगले शब्द गमावले आहेत. पण मराठीच्या कानाला खटकणारे गुरु-लघु ठेवले असते, तर ती गझल परक्या घरातली पाहुणीच राहिली असती. वाद्य असो की काव्यप्रकार, तो कुठून आला हे फार महत्त्वाचे नसते. इथल्या कानासाठी काय सोडले, काय जोडले, हे पाहावे लागते. गिटारने कॉर्ड सोडल्या, पडदे बेकार केले, चिकारी आणि तरफा जोडल्या, आणि आडवी झाली. एवढे केल्यावर तिला बाहेरची म्हणणे बरे दिसत नाही.

आता भाचीचे सांगतो. तरफांची गिटार घेण्याएवढे पैसे नव्हते, आणि सहा महिन्यांच्या मौनासाठी ती घ्यावी असेही कोणाला वाटले नाही. तिच्या भावाने मानेच्या टोकाशी, तारांखाली, एक लहान धातूची पट्टी सरकवली. तारा उंच झाल्या. कांडी म्हणून ओळखीच्या गॅरेजमधला एक सॉकेट पाना आणला, पोलादी आणि गुळगुळीत. तारा षड्ज-पंचमाला मिळवल्या. ती जमिनीवर बसली, गिटार मांडीवर आडवी घेतली, मोबाइलचा तंबोरा लावला आणि गंधार शोधू लागली. पहिले पंधरा दिवस शेजाऱ्यांनी बरेच सोसले. पाना घसरे, खरखर होई, दोन स्वरांमध्ये मांजर ओरडल्यासारखा आवाज येई. पण गंधार लागला की नाही, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. सहा वर्षे गळ्यात बसलेला गंधार होता तो. हात चुकला की तिचाच चेहरा वाकडा व्हायचा. हातांना काही येत नव्हते, पण कानाला सगळे येत होते, आणि रोज थोडे थोडे कान हाताला शिकवत होता.

एके दिवशी मी मुद्दाम पट्टी घेऊन बसलो. ती गंधारावर थांबली, तेव्हा पाना पडद्यापासून किती मागे आहे ते मोजले. चारच्या आसपास मिलिमीटर. तिने कधी हिशेब केला नव्हता आणि मी तिला आकडे सांगितले नव्हते. गायकही दर वेळी गणिताच्या रेघेवर उभा असतो असे नाही. रागाप्रमाणे, भावाप्रमाणे स्वर किंचित हलतोच. पण तंबोऱ्यात मिसळलेला कान कुठे थांबायचे ते जाणतो, एवढे मात्र त्या पट्टीवर दिसले.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हळूहळू गायची परवानगी दिली. आवाज पूर्वीसारखा वर जात नाही. तार सप्तकात ती आता जपून जाते. गाणे चालू आहे, क्लास चालू आहे. गिटार मात्र पुन्हा कपाटावर गेली नाही. गळा थकला की ती मांडीवर घेते. मागच्या महिन्यात ते जाणकार गृहस्थ घरी चहाला आले होते. आतल्या खोलीतून भूप ऐकू येत होता. त्यांनी बराच वेळ ऐकले आणि विचारले, "सरोद का हो?" मी म्हणालो, "नाही, तेच बेसुरे वाद्य." ते हसले, आणि कप खाली ठेवून म्हणाले, "गंधार चांगला लावते पोरगी."

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)